सरावाला अनियमित

कुंभकोणम्
१० ऑगस्ट १९९७

चि. सौ. गोदा हिस अनेक आशीर्वाद.

सराव संपल्यावर तू आमच्या मागच्या विहिरीच्या धोंड्यावर बसून चेंडू धुवायचीस, ते आज सकाळी आठवलं. काथ्याचा बोळा घेऊन चामड्याच्या एकेका शिवणीतला चिखल काढत बसायचीस. आमची गोलकीपर अंबुजा तमिळमध्ये ओरडायची, "अगं, चेंडू आहे तो! नवरदेव असता तरी एवढं न्हाऊ घातलं नसतंस!" तू मान वर न करता म्हणायचीस, "नवरदेव लाथ मारल्यावर परत येत नाही."

मग सगळ्या जणी हातपाय धुऊन अंगणात गोल बसायच्या. मी मधे पाटावर, मांडीशी दहीभाताचं मोठं पातेलं. तळहात पुढे करायचा, मी गोळा सोडायचा, तुम्ही अंगठ्यानं त्याच्या मधे खळगा करायचा आणि मी पळीनं त्यात सांबारं घालायचे. गोळा वरून असा सोडायचा की बरोबर तळहाताच्या मध्यावर पडावा. ते मला छान जमायचं. चौदा मुली, प्रत्येकीला पाच-सहा गोळे, आणि सातची पट्टीश्वरम्‌ची बस चुकता कामा नये.

दहा वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही. आज लिहिण्याला निमित्त आहे. पुढच्या जानेवारीत कॉलेजला पंचवीस वर्षं होतात. स्मरणिकेसाठी मुलींच्या फुटबॉल संघाचा इतिहास मी लिहावा असं समितीनं ठरवलंय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी हे काम दुसऱ्या कुणाला देता येईना, कारण खेळांच्या शिक्षिकेची जागा अकरा वर्षं रिकामी होती आणि इंग्रजी शिकवणाऱ्या मला शिट्टी वाजवता येते एवढ्यावर संघ माझ्याकडे आला होता. शिट्टी मी तंजावरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर झगा कमरेला खोचून आमच्याबरोबर हॉकी खेळायच्या.

तुझ्या आधीचं तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. १९८१ साली आठ मुली होत्या आणि मुलांच्या कॉलेजातून मागून आणलेला एक चेंडू. पहिला सामना तंजावरला. नऊ शून्यानं हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी रडलं नाही, सगळ्या भुकेल्या होत्या. संस्थेच्या लोकांचा आक्षेप हरण्याला नव्हता, चड्डीला होता. तेव्हा तुझे वडील पुढे आले. शामसुंदररावांनी शिवलेला तो पोशाख विसरता येईल का? उभं राहिलं तर परकर, धावायला लागलं तर विजार. संस्थेची माणसं समोर बसली की मी तुम्हाला सांगायचे, उभ्या राहा.

८४ साली विद्यापीठाचं पहिलं विजेतेपद. तू ८५ला आलीस. ८४ ते ८७ सलग चार, मग ८९, ९०, ९१. एकूण सात. एवढ्याशा गावातल्या कॉलेजनं तिरुचीच्या मोठ्या कॉलेजांना सात वेळा हरवलं. मला विचारतात की याचं गुपित काय. मी सांगते, हातावरचा भात. स्मरणिकेतल्या लेखाची सुरुवातही मी त्यानंच केली आहे.

तुझ्या गोलांचा आकडा माझ्या वहीत एकतीस आहे. तो बरोबर आहे का? मधेच तू यायची बंद झालीस, त्यामुळे काही नोंदी राहिल्या असतील. सवडीनं कळव. तिरुप्पूरचा पत्ता शामसुंदररावांकडून घेतला. बनियन कारखान्यात सुपरवायझर झालीस, ऐकून बरं वाटलं.

तुझी
वेदवती मिस


२ सप्टेंबर १९९७

चि. गोदा,

तुझं कार्ड आलं. आपल्या घरांतून पूर्वी लिहीत तसं तमिळ अक्षरांत मराठी. मी दोनदा मोठ्यानं वाचलं, तेव्हा तुझा आवाज ऐकू आला.

तू लिहितेस: "गोल किती ते मी मोजले नाहीत. तिरुप्पूरच्या मुलींच्या शाळेत फुटबॉल शिकवायची जागा आहे. रविवारी मी कारखान्यातल्या बायकांच्या पोरींना शिकवते, ते पाहून शाळेनंच बोलावलं. कॉलेजचं सर्टिफिकेट मागितलं. मे महिन्यात ऑफिसनं पाठवलं त्यात 'सरावाला अनियमित' असं लिहून आलंय. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, हे असलं तर घेता येत नाही, जानेवारी अखेरपर्यंत दुसरं आणा. असं कुणी लिहिलं ते मिसला माहीत असेल तर कळवावं."

मी त्याच दिवशी ऑफिसात गेले. तिथले हेडक्लार्क चंद्रमौली म्हणाले, फाईल जुनी आहे, आम्ही फाईलमधलं पाहून टाईप करतो, आमच्या पदरचं काही घालत नाही. फाईल काढून ठेवतो, पुन्हा या, म्हणाले. असली जुनी कागदपत्रं म्हणजे कुणाच्या हातून काय राहून जाईल सांगता येत नाही. तू काळजी करू नकोस. प्रिन्सिपल आता जयलक्ष्मी आहेत, त्या केमिस्ट्रीच्या. माझा शब्द मोडणार नाहीत.

इतिहासाचं काम चाललं आहे. ८७पर्यंत आले आहे.

वेदवती मिस


२१ सप्टेंबर १९९७

प्रिय गोदा,

८७च्या पुढे लेख जाईना. चार वेळा कागद फाडला.

त्या डिसेंबरात आपण आपल्या मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा भरवली आणि पुण्याहून एक संघ आला. मला झालेला आनंद तुला ठाऊक आहे. आमच्या घरात तीनशे वर्षं मराठी बोलतात आणि त्यातल्या कुणीही पुणं पाहिलेलं नाही. लिहायची मराठी मी वडिलांनी टपालानं मागवलेल्या मासिकांवरून शिकले. स्टेशनवर मी हार घेऊन गेले होते आणि तू माझ्याबरोबर होतीस, कारण संघात घरी मराठी बोलणारी तू एकटी. तू त्यांच्या कॅप्टनला म्हणालीस, "बरें पावलांत? वाटेंत श्रम जाले कीं?" ती शैला खटावकर डोळे विस्फारून मैत्रिणीला म्हणाली, "अगं, ही तर शिवाजीच्या वेळची बोलते!" तू लगेच म्हणालीस, "त्याच्याच भावाबरोबर आलों आम्ही. तुम्ही मागें राहिलांत." सगळा प्लॅटफॉर्म हसला.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी शैलाला आणि तिच्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलावलं. आणि तुलाही. तू कॅप्टन होतीस.

आता भाताचं लिहिते. लेखात मी जे लिहिलं ते खोटं नाही. पण ८१ साली मी पहिल्यांदा भुकेल्या मुलींना घरी आणलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांची मडी, म्हणजे त्यांचं सोवळं, किती कडक ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या म्हणाल्या, "आण गे, उपाशीं कशाला धाडतेस? पण माझ्या ताटाला हात नको, आणि पान मांडायचं तर कोण कुणाच्या शेजारीं आणि उष्टं कोण काढेल तें आधीं सांग." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना म्हटलं, ताटही नको, पानही नको. हातावर देते. लहानपणी आईनं आम्हा भावंडांना दिला तसाच. त्या खूष झाल्या. मीही झाले. मला वाटलं, किती छान तोड काढली, कुणाचंच मन दुखलं नाही.

गोळा वरून सोडायचे ते नेम चांगला म्हणून नव्हे. बोट लागू नये म्हणून. पुढे सवय झाली. सात वर्षांत माझं बोट तुमच्यापैकी एकीच्याही तळहाताला लागलं नाही, आणि मी हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या मुलींना सासूबाईंनी स्वतः हात धरून आत नेलं. जात विचारलीच नाही. पुण्याची, अशी शुद्ध बोलणारी, म्हणजे आपलीच, दुसरी असेल कशी? मधल्या घरात पानं मांडली, रांगोळी काढली. मी ओळीनं वाढत होते. आणि मला आठवलं की तू मागच्या अंगणात धोंड्यावर बसली आहेस, नेहमीसारखी. मी पातेलं घेऊन मागे आले आणि तू नेहमीसारखा हात पुढे केलास. तेरा हात नव्हते, एकच होता.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "वडील काय करतात तुझे, बाळे?" आणि शैलाचा, मोकळा, "शिंपी आहेत. आमचं दुकान आहे, तिसरी पिढी."

आत पळी थांबली. मग पुन्हा वाढणं सुरू झालेलं ऐकू आलं. पानावर बसलेल्या पाहुण्याला उठवणं त्यांच्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "पुण्याचे शिंपी वेगळे असतील."

तू माझ्याकडे पाहिलंस. "मिस, तीही शिंप्याचीच की."

मी म्हटलं, "ती पाहुणी आहे गे. तू घरची."

"मग घरच्यासारखं आत बसवा."

मी काय केलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "सांबारं घालू का अजून?"

तू गोळा विहिरीच्या कठड्यावर ठेवलास, कावळ्यांना. हात धुतलेस. आणि आत डोकावून शैलाला सांगितलंस, "जेवण जालं कीं सांगा, हॉटेलवर सोडून येतें." दोघींना तू सोडून आलीस. वाटेत शैलाला काही सांगितलंस का, मला कधी कळलं नाही.

सर्टिफिकेटचं मी पाहते आहे.

वेदवती


१२ ऑक्टोबर १९९७

गोदा,

काल विजयादशमी झाली. नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या आवरून ठेवल्या आणि लिहायला बसले. आज लिहिलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

मागच्या महिन्यात चंद्रमौलींनी मला ती फाईल दाखवली. मला दाखवायची गरज नव्हती. सप्टेंबरात तुझं कार्ड वाचलं तेव्हाच ठाऊक होतं. अक्षर माझं आहे.

अंतिम सामन्यात तू दोन गोल केलेस, आपण दोन-एकनं जिंकलो, आणि ढाल घ्यायला तू पुढे आली नाहीस. अंबुजाला ढकललंस. फोटोतही तू नाहीस. मग अकरा दिवस तू सरावाला आली नाहीस. बाकीच्या मुली आल्या, पण सराव झाल्यावर अंगणात कुणी येईना. पहिल्या दिवशी बस आहे म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी अभ्यास. तिसऱ्या दिवशी अंबुजाला मी दारात अडवून विचारलं. ती म्हणाली, "मिस, घरूनच खाऊन आलेय." तिचे वडील तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात नागस्वर वाजवणारे, सकाळी आठला निघालेली मुलगी संध्याकाळी सहाला काय घरून खाऊन येणार?

मी पातेलं घेऊन बसून राहायचे. मला राग आला होता, गोदा. लाज वाटली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, मी यांच्यासाठी सासरी किती बोलणी खाल्ली, आणि एका दिवसावरून ही पोर माझं सगळं मातीत घालते.

नवव्या की दहाव्या दिवशी मद्रासहून राज्य संघाच्या निवड समितीचा कागद आला. आपल्या विद्यापीठातून एकीचं नाव त्यांच्यासमोर होतं, तुझं. प्रभारी शिक्षिकेचा गोपनीय अहवाल हवा होता. कौशल्य, तब्येत, शिस्त असे रकाने. कौशल्यापुढे मी लिहिलं, उत्कृष्ट. शिस्तीपुढे मी लिहिलं, सरावाला अनियमित.

ते खरं होतं. तू दहा दिवस आली नव्हतीस. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला खोटं बोललं की गुडघ्यांवर उभं करत. त्या कागदासाठी मला कुणीही गुडघ्यांवर उभं केलं नसतं. तीन वर्षांत तू एक दिवस चुकवला नव्हतास. पावसात चेंडू तरंगायला लागला तरी तू मैदानावर होतीस. ते लिहायला रकाना नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बाराव्या दिवशी तू आलीस. आल्या आल्या पळायला लागलीस. कागद तोवर टपालात पडला होता.

जानेवारीत यादी लागली. तुझं नाव नव्हतं. तू मला व्हरांड्यात भेटलीस आणि विचारलंस, "मिस, माझं काय कमी पडलं?" मी म्हटलं, "डावा पाय जरा कच्चा आहे तुझा." त्या उन्हाळ्यात शामसुंदरराव मला म्हणाले होते, पोर घरामागच्या भिंतीवर रोज संध्याकाळी डाव्या पायानं चेंडू मारते, शेजारी भांडतात. जूनमध्ये पुढच्या शिक्षणाला तू कॉलेजात आली नाहीस. तिरुप्पूरला मावशीकडे शिवणाच्या कामाला गेलीस असं कळलं.

तुझा डावा पाय कच्चा नव्हता. दहा वर्षं तू समजत असशील की तू कमी पडलीस. तू कमी पडली नव्हतीस.

आता पुढचं. जयलक्ष्मी म्हणतात, फाईलमधला शेरा त्यांना खोडता येत नाही. ज्यानं अहवाल लिहिला त्यानं लेखी द्यावं की तो चुकीचा होता आणि का होता. मग नवं प्रमाणपत्र देता येईल. मी गेल्या आठवड्यात अर्ज दिला आहे. त्यात लिहिलं की हजेरीपट पाहण्यात माझ्याकडून नजरचूक झाली. एवढ्यानं काम होईल असं त्या म्हणाल्या. सोबत त्याची नक्कल पाठवते.

वेदवती


१६ नोव्हेंबर १९९७

गोदा,

तुझं दुसरं कार्ड माझ्यासमोर आहे. माझी नक्कल तू मधून दुमडून परत पाठवलीस आणि कार्डावर एवढंच: "नजरचूक नव्हती. खरं कारण लिहिणार असलात तर लिहा. नाहीतर असू दे, मी हेडमिस्ट्रेसना नाही म्हणून सांगते. त्याखेरीज मला तुमच्याकडून काही नको."

तुझा राग आला असता तर सोपं होतं. तू रागावलेलीही दिसत नाहीस. पंधरा दिवस मी कार्ड टेबलावर ठेवून कामं करत होते. मला वाटत होतं, नोकरी तिची, गरज तिची, एका शब्दानं मिळते आहे तर घेत का नाही? मग आठवलं की मीही कधीतरी असाच सोयीचा मार्ग काढला होता, आणि त्यावर खूष झाले होते.

मी पहिला अर्ज मागे घेतला आणि दुसरा लिहिला. इंग्रजीत, दोन पानं. त्यात ते जेवण आहे. तुझा प्रश्न आहे आणि माझं उत्तर आहे. सासूबाईंचं नाव मी घातलेलं नाही. ताटाचा नियम त्यांचा होता, पण त्या जाऊन सात वर्षं झाली, आणि अहवाल त्यांनी लिहिला नव्हता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेवटी लिहिलं आहे की सदर खेळाडू तीन वर्षांत एकदाही विनाकारण गैरहजर राहिली नाही, आणि अकरा दिवसांच्या गैरहजेरीचं कारण प्रभारी शिक्षिका होती.

हा कागद जयलक्ष्मींकडे जाण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांकडे जातो, स्मरणिकेची समितीही त्यांच्याच हाताखाली. ते कृष्णमूर्ति, आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. परवा संध्याकाळी घरी आले. कॉफी अर्धी ठेवली.

"वहिनी, पंचविसाव्या वर्षी हे कुठून उकरून काढलंत?"

"फाईलमधून."

"पहिला अर्ज चांगला होता की. नजरचूक. संपलं."

"गोदा तो घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? सर्टिफिकेट कुणाला हवंय, तिला की आपल्याला?"

"आधी मलाही तेच वाटलं."

त्यांनी कप बाजूला सारला. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "काकूंच्या हातचं जेवलेली माणसं आहेत गावात. गोविंदपुरम्‌ला मठातल्या उत्सवाच्या पंगतीला तुमच्या घरची माणसं पहिल्या ओळीत बसतात. उद्या हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील?"

"शामसुंदरराव तिथेच चाळीस वर्षं टाळ वाजवतात," मी म्हटलं. "ते कुठल्या ओळीत बसतात, तुम्ही कधी पाहिलंत?"

"तुम्ही तरी पाहिलंत का इतकी वर्षं?"

नव्हतं पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. जाताना म्हणाले, अर्ज अडवणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण स्मरणिकेत तुमचा लेख जाणार नाही. सालं आणि चषक यांची यादी छापू, फोटो घालू. मी म्हटलं, फोटोखाली ८७ची कॅप्टन म्हणून अंबुजाचं नाव आहे, तेवढं बदला. ते म्हणाले, फोटोत जी नाही तिचं नाव खाली कसं घालणार?

अंबुजाला मी काल भेटले. लग्न होऊन ती तिरुनागेश्वरम्‌लाच आहे. तिनं विचारलं, "मिस, तुम्ही हे मला का नाही विचारलं तेव्हा? मी सांगितलं असतं." मी म्हटलं, तू म्हणालीस घरून खाऊन आले. ती म्हणाली, "मग अजून कसं सांगायचं असतं?"

वेदवती


१९ जानेवारी १९९८

गोदा,

झालं. मध्ये सुट्ट्या आल्या, मग पोंगल, म्हणून इतका उशीर. आज सकाळी जयलक्ष्मींनी मला बोलावलं. माझा अर्ज त्यांनी माझ्यासमोर पुन्हा वाचला. "फाईलला लावू? एकदा लावला की काढता येत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, लावा. चंद्रमौलींनी भोकं पाडून दोरा ओवला. तुझ्या त्या अहवालाच्या लगेच मागे तो आहे. यापुढे जो कुणी पहिला वाचेल त्याला दुसराही वाचावा लागेल.

संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले होते. शामसुंदररावांची नजर आता फार मंद झाली आहे, पण अभंगांची वही बाळबोधीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असली तर वाचतात, म्हणून अर्जाचं मराठी करून तसंच लिहून नेलं होतं. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं. कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "त्या दिवशीं पोर घरीं येऊन दोनदां जेवली. मी म्हटलें, मिसकडे जेवण होतें की गे? म्हणाली, होतें, मीठ कमी होतें."

मी तिथेच रडले. ते पाणी आणायला उठले, आणि त्यांना दार दिसेना म्हणून मीच उठले.

येत्या दोन तारखेला मी बंगळूरला मुलाकडे, विजयराघवकडे जाते आहे, कायमची. हे गेल्यापासून तो मागे लागला होता. घर भाड्यानं दिलं. तेव्हा कुणाला काय द्यायचं ते ठरवून टाकलं आहे. तुला सांगून ठेवते, कारण यातलं बरंचसं संघाचं आहे आणि कॅप्टन तू आहेस.

लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. टाईप करून कार्बननं पाच प्रती काढल्या, शेवटची फिकट आहे. वरची ठळक प्रत अंबुजाला. दुसरी जयलक्ष्मी कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवणार आहेत. स्मरणिकेत नसली तरी कपाटात असेल. तिसरी कृष्णमूर्तींना, त्यांनी मागितली नसली तरी. चौथी पुण्याला, शैला खटावकरला. तिचा पत्ता नाही, स्पर्धेच्या प्रवेशपत्रावर तिच्या कॉलेजचा आहे, त्यावर पाठवते. परत आली तर अंबुजाकडे येईल असं मागे लिहिलं आहे. फिकट प्रत माझ्याकडे.

सामन्यांच्या नोंदींची वही अंबुजाकडे राहील. तुझ्या नावापुढे एकतीसच्या जागी तेहतीस केले. अंतिम सामन्यातले दोन मी लिहिलेच नव्हते.

शिट्टी आणि हवा भरायचा पंप खेळांच्या नव्या शिक्षिकेला. फुटबॉल संघ ९२ सालीच बंद झाला, मैदानाच्या निम्म्या भागावर सभागृह आलं. त्या मुलींना थ्रोबॉल शिकवतात. पंप त्यालाही चालतो.

अर्जाची मराठी प्रत शामसुंदररावांकडे आहे. ते म्हणाले, तुला पाठवू नका, ती आली की मीच दाखवीन.

तिरुप्पूरच्या शाळेला प्रमाणपत्राची एक प्रत कॉलेजनं आजच परस्पर रजिस्टर टपालानं पाठवली आहे. जानेवारी संपायला बारा दिवस आहेत. पोचेल अशी आशा आहे. जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिली असेल की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ते माझ्या हातात नाही.

मूळ प्रमाणपत्र सोबतच्या बंद पाकिटात आहे. त्यात लिहिलं आहे: "१९८५ ते १९८८ सराव व सामने यांना नियमित हजर. १९८७ची कर्णधार." बाकी तुझ्यासाठी मी काही ठेवलेलं नाही. आधी एक-दोन वस्तू बाजूला काढल्या होत्या, मग तुझं कार्ड पुन्हा वाचलं आणि परत ठेवल्या.

ते पाकीट उजवीकडून फाड. प्रमाणपत्राच्या डाव्या कडेला कॉलेजचा शिक्का आहे, अगदी काठावर उमटलाय.

वेदवती